बाबांना समाधानाचे पाच प्रश्न विचारले, आकडा आला २९. याचा अर्थ काय लावू?

रानवारा (२ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातली, मानसशास्त्रात एम. ए. करतेय, दुसरं वर्ष. सध्या आम्हाला वेल-बीइंगचे सिद्धांत आहेत. त्यात एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ सालची प्रश्नावली आली. आयुष्याबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. एकूण ५ पासून ३५ पर्यंत, २० म्हणजे मधोमध. मी ती आपल्या बोलीत बसवली आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा बाबांनाच विचारली.

त्या दिवशी वावरात सीतादही होती. आईने दहीभात ठेवला, ओंजळभर पहिला कापूस वेचला, मग बाया ओळीला लागल्या. बाबा धुऱ्यावर (बांधावर) बसले होते. "आयुष्य मनासारखं चाललंय?" "चाललं आहे. सहा लिही." दुसरं, तिसरं, चौथं, सगळ्यांना सहा. पाचवं विधान असं आहे की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळपास काहीच बदलणार नाही. इथे बाबा अडले. हातातल्या तुराटीनं समोरचं ढेकूळ फोडत राहिले. पार भुगा झाला त्याचा. मग म्हणाले, "बोअर मारला नसता. बाकी तेच. पाच लिही."

झाले २९. कोष्टकात २६ ते ३० म्हणजे 'समाधानी'.

आता घरची स्थिती. बोअर दोनदा मारला, दोन्ही वेळा धूळच निघाली. ते कर्ज दोन वर्षांपासून थकलंय. रात्री दोन-अडीचला बाबा उठतात, बॅटरी घेऊन गोठ्यात जातात, बैलांसमोर उभे राहतात आणि परत येतात. मी अंथरुणातून तो उजेड भिंतीवर फिरताना पाहते. मग खरं काय मानू, २९ की तो उजेड?

आईलाही विचारायला गेले. म्हणाली, "मले काय विचारतं, बापानं सांगितलं ना."

धुरेकरी (२ नोव्हेंबर)

पोरी, बाप पोरीसमोर २९च सांगन. मायाही पोरानं विचारलं असतं त मी ३५ सांगितले असते. अन् सीतादहीच्या दिवशी वावरात उभं राहून कोणी रडते काय? पऱ्हाटी फुटली, घरात पांढरं सोनं येऊन राह्यलं, त्या दिवशी माणूस खरंच खुश असते. तोही आकडा खोटा नाही. तू जूनमध्ये विचार, पेरणीच्या तोंडावर, बँकेच्या चकरा चालू असताना.

गुळभेली (२ नोव्हेंबर)

आमचे आबा म्हणतील, १ ते ७ कशाला बाप्पा, पिकाच्या अंदाजाची काढतात तशी सरळ पैसेवारी काढा ना माणसाची. पन्नासच्या आत की वर? :)

खडूफळा (३ नोव्हेंबर)

मी ३१ वर्षं शिक्षक होतो, दारव्ह्याकडे. बी.एड.ला आम्हाला मास्लोची गरजांची उतरंड होती. आधी अन्न, पाणी, झोप, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि शेवटी स्वतःमधलं सगळं फुलवणं. पायाच हलतोय तिथे कळसाचं काय विचारायचं? कर्ज आहे तोवर समाधानाची प्रश्नावली बाजूला ठेवावी, असं माझं मत.

एक गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली. तो सुप्रसिद्ध त्रिकोण मास्लोने १९४३च्या मूळ लेखात काढलेलाच नाही, तो नंतर इतरांनी काढला. मी मात्र तीस वर्षं फळ्यावर तो काढून पोरांना पाठ करायला लावला.

निळी_शाई (३ नोव्हेंबर)

रानवारा, प्रश्न फार चांगला आहे. मी वर्ध्याला मानसशास्त्र शिकवते. दोन मुद्दे.

पहिला, धुरेकरी दादांनी मांडलेला. १९८३ मध्ये श्वार्झ आणि क्लोअर यांनी दाखवलं होतं की ऊन पडलेल्या दिवशी लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असल्याचं सांगतात, आणि विचारणाऱ्याने आधी हवामानाची चौकशी केली की तो फरक जातो. नंतर मोठ्या नमुन्यांवर तपासलं तेव्हा हवामानाचा हा परिणाम काही टिकला नाही. पण सीतादही म्हणजे नुसतं ऊन नव्हे. वर्षभराची मेहनत त्या दिवशी डोळ्यांसमोर असते. तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर घर बांधू नकोस. गुळभेलींनी गमतीत म्हटलं, पण पैसेवारीसुद्धा आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम अशी तीनदा काढतात.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डीनर यांची प्रश्नावली माणूस आपल्या आयुष्याला किती गुण देतो एवढंच मोजते. कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये विचारलं की बरं वाटणं आणि नीट जगणं एकच आहे का? त्यांनी सहा बाजू मांडल्या. स्वतःला आहे तसं स्वीकारणं, जिव्हाळ्याची नाती, स्वतःचं स्वतः ठरवता येणं, भोवतालच्या परिस्थितीवर पकड, जगण्याला हेतू, आणि वाढत राहणं. तुझ्या बाबांना या सहा बाजूंनी बघ. नाती भक्कम असतील, हेतू तर समोर उभा राहून प्रश्न विचारतोय, तूच तो. पण 'पकड' या रकान्यात काय लिहशील? बोअर तिथेच बसतो.

पुसद_ते_पुणे (३ नोव्हेंबर)

सगळं मान्य, पण आपण पैशाभोवती फिरतोय आणि पैशाचं नाव घेत नाही. २०१० मध्ये काहनेमन आणि डीटन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून सांगितलं की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजच्या दिवसातला आनंद फारसा वाढत नाही. मग २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ यांनी दाखवलं की वाढतच राहतो. शेवटी २०२३ मध्ये काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून लेख लिहिला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत जातो, थांबतो तो आधीच फार दुःखी असलेल्यांचा. म्हणजे पैशाने समाधान येत नाही, हे वाक्य आपण गरिबालाच का ऐकवतो? मला पुण्यात पगार सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा माझ्या आईने दवाखान्यात जाताना 'किती लागतील' असं विचारलं नाही.

धुरेकरी (३ नोव्हेंबर)

पुसदवाल्या भावा, तुयं बरोबर आहे, पण पैसा एकट्याचा नसते. २००८ची कर्जमाफी आठवते काय? दोन हेक्टरच्या आतल्याचं पूर्ण माफ. मायं वावर सात एकर कोरडवाहू, मी बाहेर. धुऱ्यापलीकडचा साडेचार एकरवाला, त्याचं माफ झालं. माया खिशातला एक रुपया कमी झाला नव्हता बरं, पण त्या वर्षी मले त्याच्या घरचा चहा गोड लागला नाही. चांगला माणूस तो, आजही माया बैल आजारी पडला त रात्री तोच येते. ते वर्ष मात्र मी त्याच्याशी नीट बोललो नाही, अन् त्याचं मले अजून वाईट वाटते.

निळी_शाई (३ नोव्हेंबर)

दादा, फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला तो हाच. माणूस स्वतःला मोजायला अंबानी घेत नाही, धुऱ्यापलीकडचा घेतो.

आशाताई_तिवसा (४ नोव्हेंबर)

मी आशा सेविकांची गटप्रवर्तक आहे, गावोगाव फिरते. रानवारा, सिद्धांत नंतर. बाबांची झोप किती दिवसांपासून गेली आहे? जेवण पूर्वीसारखं आहे का? बोलणं कमी झालं का? 'आता माझं काय राहिलं' अशा भाषेत बोलतात का? बोलत असतील तर वाट बघू नको, जीवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का ते सरळ विचार. विचारल्याने मनात नसलेलं भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. घरात कॅलेंडरवर लिहून ठेव. आणि फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात.

आता तुमच्या विषयाकडे येते. आमच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, गावातल्याच लोकांना शिकवून मानसिक आरोग्याचं काम करायचं. २०१७ मध्ये त्याचा अहवाल लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या साधारण चार जणांनाच मदत मिळत होती, अठरा महिन्यांनी ते प्रमाण सत्तावीसपर्यंत गेलं. औषधं तीच, डॉक्टरही आभाळातून आले नाहीत. कोणीतरी ओट्यावर बसून विचारायला लागलं.

आणि शब्दांचं सांगते. मी इतकी वर्षं फिरते, 'मी उदास आहे' असं मला एकाही पुरुषाने म्हटलेलं नाही. डोकं भणभण करते, छातीत धडधड होते, कामात जीव लागत नाही, भाकर गोड लागत नाही. हे ऐकलं की मी वही बंद करते आणि बसते.

रानवारा (४ नोव्हेंबर)

ताई, वाचून हात थरथरले, पण बरं झालं थेट विचारलंत. झोप बोअर फसल्यापासूनच उडाली, म्हणजे दोन वर्षं. जेवतात, भजनाला जातात, गुरुवारी सामुदायिक प्रार्थना चुकवत नाहीत. काल रात्री उजेड दिसला तेव्हा मीही उठून गोठ्यात गेले. विचारलं. म्हणाले, "तसं काही मनात येत नाही माय. बैलाकडे पाह्यलं का जरा बरं वाटते, तो काही विचारत नाही." नंबर कॅलेंडरवर लिहिलाय. डबे माळ्यावर होते, आता पेटीत आहेत आणि किल्ली आईकडे.

गुळभेली (४ नोव्हेंबर)

माझी वरची गंमत ठीक, पण पोरी, रात्री उठून गोठ्यात गेलीस हे फार चांगलं केलंस.

संत्राबाग (५ नोव्हेंबर)

मी वरुड तालुक्यातला, शेंदुरजनाघाटची नर्सरी. थोडं वेगळं लिहितो.

मला समाधान म्हणजे काय ते कलमं बांधताना कळतं. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा झाला की त्याच्या सालीला चाकूने टी-सारखी चीर द्यायची, चाकूच्या मागच्या टोकाने साल हलकेच उचलायची आणि संत्र्याचा डोळा आत सरकवायचा. साल नीट सुटली तर हाताला कळतं, ओली, गुळगुळीत, जराही ओढावं लागत नाही. ओढावं लागलं की समजायचं हा डोळा धरणार नाही. मग पट्टी गुंडाळायची, डोळा उघडा ठेवून. पुढचा खुंट. सकाळी बसलो की बायको जेवायला हाक मारते तेव्हा उन्हाची जागा बदललेली असते. त्या तीन-चार तासांत मला कर्ज आठवत नाही, कंबर आठवत नाही, मी आहे हेसुद्धा आठवत नाही.

मुलाने सांगितलं की याला फ्लो म्हणतात, चिक्सेंटमिहाय नावाच्या माणसाने यावर आयुष्यभर काम केलं. काम आपल्या कसबाच्या तोडीचं असलं पाहिजे, फार सोपं असलं तर कंटाळा, फार अवघड असलं तर घाबरगुंडी, आणि बरोबर झालं की चुकलं हे लगेच कळलं पाहिजे. माझ्या चाकूला ते लगेच कळतं. रानवारा, बाबांना बैलाजवळ बरं वाटतं म्हणालीस. त्यांच्या हातात अजून कोणतं काम आहे ज्यात ते असे हरवतात?

रानवारा (५ नोव्हेंबर)

काका, पेरणीची तिफन! तिफणीची दाती स्वतः बसवतात. गावातले लोक अजून आणून देतात दुरुस्तीला, ट्रॅक्टर आले तरी.

पुसद_ते_पुणे (५ नोव्हेंबर)

एक साधा उपाय सुचवतो. कृतज्ञतेची वही. एमन्स आणि मॅकलॉ यांचा २००३चा अभ्यास आहे, ज्यांना चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या त्यांना अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. सेलिगमन यांचं पर्मा मॉडेलही बघ, २०११चं. आनंदी भावना, गुंतून जाणं, नाती, अर्थ आणि साध्य. आमच्या कंपनीत सगळ्यांना करायला लावलं आणि मला खरंच फायदा झाला.

शेणसडा (६ नोव्हेंबर)

दादा, तुम्हाला फायदा झाला, आनंद आहे. पण मी वेचणीला जाते. किलोवर पैसे असतात. सकाळी दव असतं तोवर कापूस जड, म्हणून अंधारात निघायचं. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात, संध्याकाळी पीठ मळताना मीठ लागलं की आग होते. तेव्हा वही घेऊन कोणाचे आभार मानू? आभार मी मानतेच. शेजारीण माझ्या पोराला शाळेतून आणते, तिला वेचणीवरून येताना बोरं आणते. हे लिहायचं काम नाही, करायचं आहे.

आणि एक विचारते, राग मानू नका. इतकी चर्चा झाली, सगळी बाबांची. ज्या बाईने दहीभात ठेवला, तिला कोणी विचारलं? ती म्हणाली 'मले काय विचारतं' आणि सगळे पुढे गेले. तिथेच तर थांबायचं होतं.

निळी_शाई (६ नोव्हेंबर)

शेणसडा, तुमच्या प्रश्नाने मला गप्प केलं. मीही पुढेच गेले होते.

वहीबद्दल थोडं. डेसी आणि रायन यांच्या सिद्धांतात माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा आहेत. स्वतःचं ठरवता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि माणसांशी जोडलेलं असणं. तुमची बोरं तिसऱ्या गरजेतून येतात, संत्राबाग काकांचा चाकू दुसऱ्या. वही कोणी 'करायला लावली' की पहिल्या गरजेलाच धक्का लागतो.

आणि बोअरबद्दल मला लिहायचंच होतं. सेलिगमन आणि मायर यांचे १९६७चे कुत्र्यांवरचे प्रयोग सगळ्यांना शिकवतात. ज्यांना विजेचा झटका कशानेच थांबवता आला नाही, त्यांच्यातले बरेच पुढे सुटायची वाट समोर असूनही पडून राहिले. याला शिकलेली असहायता म्हणायचे. पण त्याच दोघांनी २०१६ मध्ये लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. दीर्घ त्रासात गळून जाणं ही सजीवाची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा, आपल्या करण्याने काहीतरी बदलतं हा अनुभव. अर्ध्या शतकानंतर स्वतःचाच सिद्धांत उलटा करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. रानवारा, तिफणीच्या दातीकडे या नजरेने बघ.

खडूफळा (७ नोव्हेंबर)

तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास कोणी वाचलाय का? २०१३चा, ४६४ शेतकरी. त्याच शेतकऱ्याला ऊस तुटण्याआधी आणि पैसे हातात आल्यावर बुद्धीची कोडी घातली. आधी कमी सुटली, नंतर जास्त. माणूस तोच, फक्त ओढाताण डोक्यातली जागा खात होती. मी हे वाचलं तेव्हा मला माझे जुने विद्यार्थी आठवले. जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांची गणितं चुकायची त्यांना मी 'लक्ष नाही' म्हणून उभं करायचो. त्यांच्या घरात तेव्हा काय चालू असेल हे मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण ती पोरं पन्नाशीला आली.

रानवारा (११ जून)

धागा वर काढतेय. पेरणी तोंडावर आहे, अजून पाऊस नाही. धुरेकरी काकांनी सांगितल्याप्रमाणे बाबांना पुन्हा विचारलं. १८. पाचव्या विधानाला पुन्हा तेच उत्तर, बोअर. यावेळी एकच गुण.

मग शेणसडा ताईंचं ऐकून आईकडे गेले. ती ओसरीत तुरीची डाळ पाखडत होती. म्हटलं, आई, तुझ्या आयुष्याबद्दल विचारते, बाबांच्या नाही. पहिलं विधान ऐकलं आणि म्हणाली, "कोणतं आयुष्य? लग्नाआधीचं का नंतरचं?" मी सात महिने या प्रश्नावलीवर घालवलेत, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. म्हटलं, दोन्ही धर. ती बराच वेळ पाखडत राहिली. मधल्या विधानांना एकदा चार म्हणाली, एकदा पाच, एकदा "हे मले समजलंच नाही, पुढचं विचार."

पाचव्याला सूप थांबलं. फोलं हवेत होती ती खाली बसली. म्हणाली, "सातवीतून शाळा सोडू देल्ली नसती. मास्तर घरी आले होते सांगाले, मी दाराआड होती, बोलली नाही. ते बोलली असती." मग म्हणाली, "बोअर मात्र मारूच देल्ला असता. मीच म्हणलं होतं त्याईले, मारा म्हणून. पोरीच्या फीसाठी ओलिताचं एखादं पीक निघन म्हणून. पाणी नाही लागलं त ते नशीब, विचार चुकीचा नव्हता."

बाबा ओट्यावर दाती तासत होते. वासल्याचा आवाज बंद झाला. बऱ्याच वेळानं आतमध्ये न बघता म्हणाले, "तूच म्हणलं होतं. मी त विसरूनच गेलतो." आई म्हणाली, "दोन वर्षापासून एकटेच घेऊन बसले डोक्यावर." आणि पुन्हा पाखडायला लागली.

धुरेकरी (११ जून)

पोरी, वाचून मी बाहेर जाऊन उभा राह्यलो जरा.

आशाताई_तिवसा (१२ जून)

झोपेचं काय? दवाखान्यात नेलं का?

रानवारा (१२ जून)

हो ताई. मार्चपासून दर महिन्याला तालुक्याला जातो, आई सोबत येते. उजेड अजून दिसतो, पण रोज नाही. काल दोघं मिळून गोठ्यात गेले होते.

शेणसडा (१२ जून)

आईचा आकडा किती आला ते सांगितलंच नाही.

रानवारा (१२ जून)

तिने बेरीज करू दिली नाही. म्हणाली, "पेरणी होऊ दे, मग पाहू."